तिसरी टाकी आंबली कशी?

१

विभागाच्या सूचनाफलकावर एकच कागद होता, पण तो चार टाचण्यांनी ठोकला होता. कुणाच्या नजरेतून सुटायला नको, एवढी काळजी घेतलेली.

"विद्यार्थिनीच्या हलगर्जीपणामुळे टाकी क्रमांक तीनमधील बिअर जंतुसंसर्गाने नासली आहे. सबब तिची तोंडी परीक्षा रद्द करण्यात येत आहे."

बाईंनी तो दोनदा वाचला. सहा तासांचा प्रवास करून त्या आल्या होत्या ती हीच तोंडी परीक्षा घ्यायला. शीतपेयं आणि बिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी चव तपासण्याचं काम केलं होतं. आता निवृत्त होत्या, पण किण्वनशास्त्राचे विभाग त्यांना बाहेरच्या परीक्षक म्हणून आवर्जून बोलवत. कारखान्यात त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, आणि 'बाई आल्या' म्हटलं की चांगले चांगले सरळ उभे राहत.

"मला कळवलं का नाही?" त्यांनी विभागप्रमुखांना विचारलं.

प्रमुख टेबलावरचे कागद उगाच नीट करू लागले. "सोमवारी सकाळी उघडकीला आलं, मॅडम. पत्र पाठवलं होतं. चुकामूक झाली असेल. तुमच्या परतीच्या गाडीची व्यवस्था करतो."

"आज बुधवार. म्हणजे दोन दिवसांत चौकशी झाली, निकाल लागला आणि शिक्षाही झाली?"

"चौकशी कसली? बिअर आंबट झाली, एवढं पुरेसं आहे. नियमाप्रमाणे टाकी रिकामी केली, तिचं मूळ यीस्टही काल नष्ट केलं. संसर्ग बाकीच्यांत पसरायला नको."

"मूळ यीस्टही?"

"बाराच्या बारा नळ्या."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मुलीचा प्रबंध त्यांनी घरी तीन वेळा वाचला होता. वसतिगृहामागच्या एका रानफुलातून तिनं यीस्ट वेगळं काढलं होतं. त्याची बिअर जवळजवळ बिनदारूची, तरी भरल्या चवीची होत होती. हे जमावं म्हणून मोठमोठे कारखाने वर्षानुवर्षं डोकं फोडत होते. आणि इथे ते एका दुपारी वाफेवर शिजवून टाकलं होतं!

"परीक्षा रद्द करायच्या कागदावर बाहेरच्या परीक्षकाची सही लागते," बाई म्हणाल्या. "माझी सही झालेली नाही. संध्याकाळी पाचला परीक्षेची खोली उघडी ठेवा."

बाहेर जिन्यावर एक मुलगी बसली होती. डोळे सुजलेले, पण पाठ ताठ. वर्गात तिला 'पाकळी' म्हणत, कारण आपल्या प्रत्येक वस्तूवर ती काचपेन्सिलीनं पाकळी काढायची. प्रमुखांना, मार्गदर्शकांना, सगळ्यांना सांगून ती थकली होती. आता कुणी विचारलं तरच बोलायचं, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं.

"तू टाकी उघडी टाकलीस?" बाईंनी सरळ विचारलं.

"नाही."

"बस. एवढंच ऐकायचं होतं."

इतक्यात जिन्याखालून कुणीतरी दबक्या आवाजात हाक मारली. वाफेचा बॉयलर सांभाळणारे काका होते. इकडेतिकडे पाहत ते म्हणाले, "बाई, टाकी ओतून द्यायचा हुकूम मला होता. ओतली. पण एक बाटली काढून ठेवलीय. तिला नासकं म्हणायला माझं मन घेईना."

२

बॉयलरच्या खोलीशेजारी काकांची छोटी कोठडी होती. एक शीतकपाट, दोन खुर्च्या, भिंतीवर किल्ल्यांची फळी. काकांनी बाटली काढली. परीक्षेच्या वेळी बाईंना चाखायला म्हणून पाकळीनं शुक्रवारी संध्याकाळी त्याच टाकीतून गाळून भरलेली दुसरी बाटली आणली. दोन पेले शेजारी शेजारी ठेवले.

आधी शुक्रवारची. बाईंनी वास घेतला, घोट तोंडात फिरवला आणि बादलीत थुंकला. चेहऱ्यावरचा राग क्षणभर मावळला. "काय केलंयस गं पोरी! अशी चव मी नोकरीत असताना हाती लागली असती तर..." आणि त्या थांबल्या.

मग सोमवारची. आंबट होती, अगदी दात आंबावेत इतकी. बाईंनी पुन्हा वास घेतला. पेला उजेडाकडे धरला.

"टाकीचं तापमान किती होतं?"

"दोन अंश," पाकळी म्हणाली. "थंडीत मुरायला ठेवली होती."

"शुक्रवार ते सोमवार?"

"नोंदवही आहे. काटा हललेला नाही."

बाई हसल्या, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. "बघ, जंतूंनी आंबवलेली बिअर गढूळ होते. तिला लोण्यासारखा नाहीतर मोज्यासारखा वास येतो. ही काचेसारखी स्वच्छ आहे. वास शुक्रवारचाच, फुलाचा. आणि दोन अंशांवर जंतू कुडकुडत बसतात. अडीच दिवसांत दोनशे लिटर आंबवायला त्यांना काय वेड लागलंय? हिच्यात चूक एकच आहे, नुसता आंबटपणा. वरून ठेवल्यासारखा."

"म्हणजे?"

"ही आंबलेली नाही. हिच्यात कुणीतरी ऍसिड ओतलंय."

काकांचा चेहरा उतरला. बिअरसाठीच्या पाण्याची आम्लता जुळवायला वापरायचं लॅक्टिक ऍसिड त्यांच्याच कपाटात असे. ते उठले, कपाट उघडलं आणि बाटली पुढे ठेवली. "मागच्या बुधवारी नवी फोडली. एकदाच थोडं काढलं."

बाटली अर्ध्याच्या खाली गेली होती. आणि कपाटाची किल्ली काकांच्या फळीवरच होती.

३

"मी नाही, बाई," काका म्हणाले. "माझी धाकटी या पोरीच्याच वयाची. मी कशाला हिच्या ताटात माती कालवू?"

"तुम्ही ओतलं असतं तर ही बाटली राखून ठेवली नसती," बाई म्हणाल्या. "ही किल्ली कुणाकुणाला मिळते?"

किल्ल्यांचे तीन जुडगे होते. एक काकांकडे, एक प्रमुखांकडे, एक पाकळीच्या मार्गदर्शकांकडे. शनिवार-रविवारी कामाची परवानगी घेतलेला विद्यार्थी काकांचा जुडगा घेऊन जाई. या खेपेला एकानंच नेला होता.

त्याला 'इस्त्री' म्हणत. प्रयोगशाळेत सगळ्यांच्या अंगावर माल्टचे डाग, याच्या सदऱ्याची घडीसुद्धा मोडत नसे. बाईंनी त्याला टाक्यांच्या दालनातच गाठलं.

"हो, रविवारी आलो होतो. माझ्या टाकीचं तापमान लिहून गेलो. वीस मिनिटं." तो घाम पुसत होता. "मला माहितीय सगळे माझ्याकडे बघतायत. त्या मोठ्या पेय कंपनीत मला नोकरी लागलीय. पाकळीलाही एका छोट्या बिअरवाल्यांकडे सहायकाची जागा मिळाली होती, ती परवा गेली. प्रमुखांनी त्यांना कळवलं म्हणे. पण त्यात माझा काय फायदा? तिची जागा मला नको होती."

"रविवारी दुसरं कोणी दिसलं?"

"कोणी नाही. टाकी चाखून पाहिली असती तर... पण दुसऱ्याच्या टाकीला कोण हात लावतो?" मग जरा थांबून तो म्हणाला, "कंपनीत मार्गदर्शक सरही येणार आहेत. संशोधन प्रमुख म्हणून. पुढच्या महिन्यात. त्यांनीच माझी शिफारस केली."

मार्गदर्शक आपल्या खोलीत होते. केस पिकलेले, आवाज मऊ, टेबलावर पेन्सिली ओळीनं लावलेल्या. त्यांनी बाईंना स्वतः उठून खुर्ची दिली, कोपऱ्यातल्या छोट्या शीतकपाटातलं पाणी दिलं.

"मला काय वाटत असेल, विचार करा," ते म्हणाले. "माझी लाडकी विद्यार्थिनी. दोन वर्षं तिच्या डोक्यावर हात ठेवून होतो. प्रबंधाचं अक्षर न् अक्षर मी वाचलंय. सोमवारी ती रडत होती, मी तिला चहा पाजला. म्हटलं, बाळ, नियम आहे, यीस्ट नष्ट करावंच लागेल, मन घट्ट कर."

"नष्ट करायचं तुम्ही सुचवलंत?"

"मी नियमाची आठवण दिली. सही प्रमुखांची." त्यांनी सुस्कारा टाकला. "प्रमुखांना या कामाबद्दल पहिल्यापासून आकस होता, खरं सांगू का. पण हे माझ्या तोंडून गेलं असं म्हणू नका."

बाहेर आल्यावर पाकळी म्हणाली, "सर खूप चांगले आहेत हो. एकदाही ओरडले नाहीत."

"प्रयोगशाळेत येऊन तुझ्या शेजारी किती वेळा उभे राहिले?"

पाकळीनं आठवून पाहिलं. आठवायला जरा जास्तच वेळ लागला.

"तुझ्या त्या बारा नळ्या," बाई म्हणाल्या, "शिजवल्यावर कुठे गेल्या?"

४

काचेचा कचरा गुरुवारी उचलत. म्हणजे नळ्या अजून काकांच्या पत्र्याच्या डब्यातच होत्या. काकांनी एकेक काढून वर्तमानपत्रावर मांडली. बारा होत्या. तळाशी यीस्ट वाढवायची जेली, वितळून पुन्हा थिजलेली. कुकर नीट चालला होता, यात शंका नव्हती.

पाकळीनं एक नळी उचलली, मग दुसरी. मग तिनं सगळ्या नळ्या भराभर उलट्यासुलट्या करून पाहिल्या.

"या माझ्या नाहीत."

"नीट बघ."

"बाई, माझ्या जेलीत मी हिरवा रंग घालते. त्यात हे यीस्ट पटकन ओळखू येतं. शिजवलं तरी हिरवा हिरवाच राहतो. ही जेली मधाच्या रंगाची आहे, रोजची साधी. आणि मी चिकटपट्टी कधीच लावत नाही. काचेवर पेन्सिलीनं पाकळी काढते. वर्षभर सगळे मला त्यावरून चिडवतात!"

त्या नळ्यांवर कागदी चिकटपट्ट्या होत्या. वाफेनं तांबूस पडलेल्या, पण मोठ्या छापील अक्षरांत काढलेला आकडा वाचता येत होता.

"मी फक्त मोजल्या," काका डोक्याला हात लावून म्हणाले. "बारा लिहिलं होतं, बारा होत्या. बांधलेलं पुडकं होतं. कागदावर हिचं नाव होतं, म्हणून हिच्याच असणार असं समजून कुकरमध्ये घातल्या."

"तुमच्या हातात पुडकं कुणी दिलं?"

"हातात कुणीच नाही. सोमवारी दुपारपासून प्रमुखांच्या टेबलावर होतं, त्यांच्या सहीच्या कागदाखाली. घेऊन जा म्हणाले."

पाकळीनं हातातली नळी खाली ठेवली. "म्हणजे माझं यीस्ट जिवंत आहे?"

"जिवंतच असणार. एवढं सगळं त्याला जिवंत न्यायलाच तर केलं!" बाईंचा आवाज चढला. "चोरी झाली की शोध सुरू होतो. पण नष्ट झालेली वस्तू कोण शोधतो? आधी टाकी आंबट केली, मग नियम पुढे केला. विभागानं स्वतःच्या सहीनं सांगितलं की यीस्ट उरलेलं नाही. वर तुला हलगर्जी ठरवलं, म्हणजे उद्या तू ओरडलीस तरी तुझं कोण ऐकतंय?"

त्यांनी एक चिकटपट्टी चष्म्याजवळ नेली. मग पिशवीतला प्रबंध काढला, एक पान उघडलं, पुन्हा पट्टीकडे पाहिलं.

"पोरी, तुझ्या यीस्टचा नंबर काय?"

"एक्केचाळीस."

"इथे चौदा लिहिलंय."

पाकळीनं पट्टी हातात घेऊन आकडा स्वतः वाचला.

५

पाचला परीक्षेची खोली उघडली. लांब टेबल, सहा खुर्च्या, खिडकीतून टाक्यांच्या दालनाचं छप्पर दिसत होतं. प्रमुख, मार्गदर्शक, इस्त्री, काका आणि पाकळी. बाईंनी टेबलावर दोन पेले आणि बारा नळ्या मांडल्या. बिअरमध्ये ऍसिड कसं ओतलं, ते आधी सांगितलं. प्रमुखांनी "कमी दारूच्या बिअरमध्ये जंतू लवकर..." म्हणायला तोंड उघडलं. बाईंनी दोन्ही पेले त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी चाखले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

"आता या नळ्या," बाई म्हणाल्या. "या हिच्या नाहीत. रंग हिरवा नाही, खूण नाही. नळीत यीस्ट दिसण्याइतकं वाढायला दोन दिवस तरी लागतात. सोमवारी दुपारी पुडकं टेबलावर तयार होतं. म्हणजे या नळ्या शनिवारपर्यंत बनवून झाल्या होत्या. बिअर आंबट झाल्याचं कळलं सोमवारी. यीस्ट नष्ट करावं लागणार, हे कुणाला तरी दोन दिवस आधीच माहीत होतं."

बाईंनी एक नळी पुढे सरकवली.

"या खोट्या नळ्यांवर त्यानं यीस्टचा नंबर लिहिला. आता गंमत बघा. हा नंबर प्रयोगशाळेत कुठेच नाही. तिथे नुसती पाकळी असते. नंबर फक्त प्रबंधात आहे. म्हणून काका सुटले, हा इस्त्रीही सुटला. प्रबंधाच्या बांधीव प्रती तीन. एक माझी, एक प्रमुखांची, एक मार्गदर्शकांची. तिन्हींत नंबर एक्केचाळीस, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मग इथे चौदा कसा आला? सांग गं."

पाकळी उभी राहिली. "कच्च्या प्रतीत टाइप करताना आकडे उलटे पडले होते. सगळीकडे चौदा झालं होतं. बांधणीआधी मी ते सुधारलं. कच्ची प्रत एकच छापली होती, ती मी सरांच्या हातात दिली होती." ती मार्गदर्शकांकडे वळली. "तुम्ही म्हणालात, वाचली. बांधीव प्रतही वाचली म्हणालात. सर, वाचली असतीत तर नंबर बदललेला दिसला असता."

"बाळ, तू थकली आहेस..."

"तुमची बांधीव प्रत कुठे आहे?" प्रमुखांनी विचारलं.

प्रत मार्गदर्शकांच्या खोलीतच होती, खिडकीतल्या गठ्ठ्यात. काका घेऊन आले. बांधणीवाल्यानं चढवलेलं प्लॅस्टिक जसंच्या तसं होतं. मान्यतेची सही वेगळ्या कागदावर केली होती. प्रत उघडायची गरजच पडली नव्हती.

"यानं काय सिद्ध होतं?" मार्गदर्शकांचा मऊ आवाज पहिल्यांदाच खरखरीत झाला. "पुडकं प्रमुखांच्या टेबलावर होतं."

"तूच आणून ठेवलंस!" प्रमुख ताडकन उठले. "मुलीला आणायला लावू नकोस, तिला त्रास होईल, मी आणतो म्हणालास. मला वाटलं, केवढा मोठ्या मनाचा माणूस!"

"यीस्टला थंडावा लागतो," बाई म्हणाल्या. "सामायिक शीतकपाटात ठेवलं असतं तर हिला दिसलं असतं. मला तुमच्या खोलीतलं पाणी फार आवडलं, सर. ते कपाट पुन्हा उघडू या का?"

"किल्ली हरवलीय."

"फळीवर दुसरी आहे," काका म्हणाले.

काका आणि प्रमुख जाऊन कपाटातल्या पाण्याच्या बाटल्यांमागचा जेवणाचा डबा घेऊन आले. डब्यात हिरव्या जेलीच्या नळ्या, प्रत्येकीवर पाकळी. पाकळीनं मोजल्या. अकरा.

"बारावी?" बाईंनी विचारलं.

मार्गदर्शक खुर्चीत मागे रेलले. "काल कंपनीत पोचली. आणि एवढा आव कशाला? प्रयोगशाळा माझी, उपकरणं माझी, विषय माझ्या खात्यातला. एका मुलीनं फूल तोडून आणलं म्हणून ते तिचं होतं का? तिला कोण ओळखतं? माझ्या नावानं ते जगभर गेलं असतं."

"दोन वर्षांत नळीचा रंगही पाहिला नाहीत, आणि म्हणे माझं!" बाईंनी टेबलावर हात आपटला, तशी एक नळी घरंगळली. काकांनी ती झेलली. "चोरायला निघालात, ते तरी वाचून निघायचं होतं! तिनं लिहिलेलं वाचण्याइतकीही तुम्हाला तिची किंमत वाटली नाही. त्यातच सापडलात."

६

मार्गदर्शक निघून गेल्यावर प्रमुखांनी दार लोटून घेतलं.

"मॅडम, झालं ते फार वाईट झालं. पण विभागाचं नाव आहे. ते प्रकृतीच्या कारणानं राजीनामा देतील, मी बघतो. मुलीची परीक्षा आपण शांतपणे उरकून घेऊ. गवगवा कुणाच्याच हिताचा नाही."

बाई बोलणार होत्या. त्यांच्या आधी पाकळी बोलली.

"माझा हलगर्जीपणा तुम्ही चार टाचण्यांनी लावलात, सर. शांतपणे नाही लावलात. सोमवारपासून जिन्यावर मी बसलेय, लोक माझ्यावरून चालत गेले. घरी आईला मी अजून सांगितलेलं नाही, कारण काय सांगू तेच कळत नव्हतं. तुम्ही एकदा जरी बिअर चाखली असतीत तर तुम्हाला कळलं असतं. तुम्ही चाखली नाहीत. सही केलीत."

पाकळीनं एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"त्यांनी काय केलं ते लिहा. तुम्ही काय केलं नाही तेही लिहा. बारावी नळी माझी आहे, असं त्या कंपनीला आजच कळवा. ते लिहून झालं की मी परीक्षेला बसते."

प्रमुखांनी लिहिलं. बाईंनी दोनदा परत केलं, कारण दोन्ही वेळा 'गैरसमज' हा शब्द कुठून तरी घुसला होता. तिसऱ्या खेपेला त्यांनी सही केली.

परीक्षा सव्वा तास चालली. राग होता म्हणून बाईंनी एकही प्रश्न सोपा केला नाही. पाकळी दोन ठिकाणी अडली, एका ठिकाणी बाईंशी भांडली आणि ते भांडण जिंकली. इस्त्री आणि काका दाराबाहेर उभे राहून ऐकत होते. मध्येच बाईंच्या नवऱ्याचा फोन आला, "निघालीस का?" बाई म्हणाल्या, "नाही. इथे एका माणसाशी बोलतेय," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या छोट्या बिअरवाल्यांचा फोन पाकळीला आला. बाई तिच्यासमोरच चहा पीत बसल्या होत्या.

"झालं ते कळलं आम्हाला," मालकीणबाई म्हणाल्या. "वाईट वाटलं हो. तुमची जागा आहे तशीच आहे. एक तारखेपासून या."

पाकळीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मुद्दाम खिडकीबाहेर नजर वळवली.

"येईन," पाकळी म्हणाली. "पण आधी एक पत्र हवंय. मला एक शब्द न विचारता तुम्ही माझी जागा का काढून घेतलीत, ते त्यात लिहा."

पलीकडे कुणीतरी खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं.

"थांबा," मालकीणबाई म्हणाल्या. "कागद घेते."